घरी इलेक्ट्रिक गिटार बनवताना या चुका टाळा

माझी दुसरी गिटार दिसायला पहिलीपेक्षा कितीतरी देखणी झाली होती. सागाची बॉडी, नेकवर, म्हणजे दांडीवर, बोटं दाबायची शिसवीची पट्टी (फ्रेटबोर्ड), लाखेच्या पॉलिशची चमक. तारा चढवल्या, ट्यूनरवर लावून घेतल्या, ई मेजर कॉर्ड धरली. गोड वाजली. मग बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) गेलो आणि सगळे सूर चढे. सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारा टेकतात ते सरकते तुकडे, मागे सरकवत गेलो, स्क्रू संपला, तरी जाड ई तार चढीच. ब्रिज (तारा बॉडीवर टेकवणारा भाग) मी ८ मिलिमीटर पुढे बसवला होता. चार महिन्यांचं काम ब्रिजच्या त्या चार भोकांनी अडवलं.

तेव्हापासून बऱ्याच हौशी मंडळींच्या गिटारी हातात आल्या. नवीन माणूस लाकडाचा ‘टोन’ आणि पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकाचा) ब्रँड यावर महिने घालवतो. घरी बनवलेली गिटार बिघडते ती मात्र बहुतेक वेळा मापात, किंवा कामाच्या क्रमात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्याच वेळी अवघड नमुना निवडणे

गिब्सन कंपनीच्या लेस पॉलसारखी गिटार बहुतेकांना आवडते. पण तिचा ब्रिज बॉडीपासून बराच उंच असतो. त्यामुळे नेक काही अंशांनी मागे झुकवावी लागते, हेडस्टॉकही (नेकचं खुंट्यांचं टोक) कोनात असतो, आणि नेक बॉडीला गोंदाने कायमची जोडलेली असते. कोन एका अंशाने चुकला तर तारा एकतर फ्रेटवर लोळतात, नाहीतर बोटभर उंच राहतात. गोंद वाळल्यावर करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवत नसत. १९५० च्या सुमारास त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारीची नेक चार स्क्रूंनी बॉडीला घट्ट केलेली होती, आणि हेडस्टॉक सपाट. कारखान्यात पटकन जोडता यावी, खराब झाली तर नेक बदलता यावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. घरी बनवणाऱ्याला हाच विचार तारतो. नेक चुकली तर बॉडी वाचते, बॉडी चुकली तर नेक वाचते. नेकच्या खाचेत अर्ध्या मिलिमीटरची पातळ चकती सारून कोनही सुधारता येतो. पहिल्या दोन गिटारी टेलिकास्टरच्या, म्हणजे फेंडरच्या याच गिटारीच्या, धर्तीवर करा, असं मी आग्रहाने सांगेन.

ओलं लाकूड

वखारवाला ‘एकदम सुकं’ म्हणतो ते दारं-खिडक्यांच्या हिशेबाने. गिटारीच्या नेकला ते पुरत नाही. त्यात आपल्याकडे पावसाळा. जुलैत मुंबई-कोकणात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि मार्च-एप्रिलात देशावर ते सोडून देतं. पावसाळ्यात फ्रेट बसवलेली नेक उन्हाळ्यात अंग आकसते. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. मग कडेला त्यांची टोकं बाहेर येतात आणि नेकवरून हात फिरवला की बोचतात. हा दोष दुरुस्त होतो. कडेच्या लाकडावर चिकटपट्टी लावून बारीक कानशीने टोकं घासायची, मग कड गोल करायची. नेकच पिळली असेल तर मात्र इलाज नाही. ट्रस रॉड (नेकच्या आतली, घट्ट-सैल करता येणारी धातूची सळई) वाक सरळ करतो, पीळ नाही.

लाकूड सुकलंय की नाही हे कळायला महागडं मीटर लागत नाही. फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला आणि वजन फळीवरच पेन्सिलीने लिहून ठेवा. सलग चार आठवडे आकडा हलला नाही, म्हणजे ती तुमच्या घरच्या हवेत मुरली. ती घरातच ठेवा, गच्चीवर उन्हात नाही. उन्हात टोकं आधी सुकतात आणि चिरतात.

पुढे क्वीन बँडचे गिटारवादक झालेले ब्रायन मे आणि त्यांच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरी गिटार बनवायला घेतली. तिची नेक त्यांनी शेकोटीभोवतीच्या जुन्या लाकडी चौकटीतून कापली. लाकूड शंभरेक वर्षं जुनं, त्याला किडीची भोकं होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. इतकं मुरलेलं लाकूड विकत मिळणं कठीण. आपल्याकडे त्याच्या तोडीचं म्हणजे पाडलेल्या वाड्यांचा साग. तुळया, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. घेताना तीन गोष्टी सांभाळा. आधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा, एक खिळा राऊटरची (लाकूड कोरणाऱ्या यंत्राची) बिट संपवतो. साग तेलकट असतो, म्हणून जोडायच्या बाजू ताज्या रंधून, असिटोनने पुसून लगेच गोंद लावा. आणि वजन बघा. ४५ मिलिमीटर जाडीची सागाची बॉडी ३ किलोच्या आसपास भरते, शिसवीची ४ किलोच्या. तासभर उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला तो एक किलो कळतो. शिसव फ्रेटबोर्डलाच शोभते. तिची धूळ अनेकांना सोसत नाही, अंगावर पुरळ उठतं, दम लागतो. घासताना चांगला मास्क लावाच.

मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तुणाचं लाकूड वापरतात. ते वजनाला हलकं आणि कापायला मऊ. बॉडीसाठी मला ते सागापेक्षा आवडतं. फक्त स्क्रू लवकर सैल होतात, म्हणून ब्रिजचे स्क्रू लांब घ्यावे लागतात.

अर्धा सूत

सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. ओळखीच्या सुतारकाकांकडे फ्रेटच्या खाचा मारायला गेलो, तर ते म्हणाले, “अहो सर, अर्धा सूत इकडं-तिकडं चालतंय की!” दाराच्या चौकटीला चालतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा सूत चुकला तर सूर साधारण ८ सेंटने सरकतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट), आणि वरच्या फ्रेटांवर त्याहून जास्त. तयार कानाला ते खुपतं.

हिशेब अवघड नाही. फेंडरची स्केल, म्हणजे नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ते ब्रिज हे अंतर, ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागा, ३६.३७ आले. नटपासून तेवढ्यावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा फ्रेट नटपासून ७०.७० वर. असं करत बारावा बरोबर मधोमध, ३२४ वर आला पाहिजे. नाही आला तर गणित तपासा.

चूक होते ती मापं उतरवताना. एका फ्रेटपासून पुढचा, त्याच्यापासून पुढचा, असं मोजत गेलात तर दरवेळची पाव मिलिमीटरची चूक साठत जाते आणि बाविसाव्या फ्रेटला ती ५ मिलिमीटरच्या वर जाऊ शकते. सगळी मापं नटपासूनच घ्या. स्टीलची पट्टी एकदा चिकटवा आणि शेवटपर्यंत हलवू नका. पेन्सिल नको, धारदार सुरीने रेघ ओढा. पेन्सिलीच्या रेघेलाच अर्धा मिलिमीटर जाडी असते.

आणखी एक घोटाळा नटचा. शून्य म्हणजे नटची फ्रेटकडची कड. नटची खाच रेघेच्या चुकीच्या बाजूला पडली तर सगळी स्केल नटच्या जाडीएवढी सरकते, आणि हे तारा चढवेपर्यंत कळत नाही. नटची जागा पेन्सिलीने भरून रंगवा, मगच करवत लावा.

खाचेची रुंदीही महत्त्वाची. साध्या फ्रेटवायरला साधारण ०.६ मिलिमीटर. घरच्या करवतीने खाच रुंद झाली की फ्रेट हाताने आत जातो, छान वाटतं, आणि महिन्याभरात टोकं उचलली जातात. तसं झालंच असेल तर खाचेत पातळ सुपरग्लू सोडून फ्रेट क्लॅम्पने दाबून धरा.

नेकवर गोंद

फ्रेटबोर्डला गोंद लावून क्लॅम्प आवळला की तो बर्फावरून सरकावा तसा सरकतो. तुम्ही बघताना सरळ असतो, सकाळी २ मिलिमीटर तिरपा. उपाय साधा आहे. कोरडाच बसवून दोन फ्रेटच्या खाचांतून दीड मिलिमीटरची बारीक भोकं पाडा, त्यात छोटे खिळे उभे करा, मग गोंद. वाळल्यावर खिळे उपसा, फ्रेट बसला की भोकं झाकली जातात. गोंद ट्रस रॉडच्या खाचेत उतरू नये म्हणून रॉडवर पातळ चिकटपट्टी लावा आणि गोंद पसरल्यावर, फ्रेटबोर्ड ठेवण्याआधी ती काढून टाका. रॉड दोन्ही बाजूंना फिरतो ना, हेही आधीच तपासा. चिकटल्यावर तो बाहेर काढणं म्हणजे फ्रेटबोर्ड उखडणं.

ब्रिजआधी दोरा

आता माझ्या त्या चार भोकांकडे येतो. ब्रिज, म्हणजे सतारवाल्यांची घोडी. तिची जागा कागदावरच्या नकाशावरून ठरवू नका, प्रत्यक्ष बसवलेल्या नेकवरून ठरवा. नेक स्क्रूंनी पक्की करा. नटच्या दोन कडेच्या खाचांतून दोन दोरे ताणून ब्रिजच्या दोन कडेच्या सॅडलपर्यंत न्या. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर जायला हवेत. नेक बॉडीत जराशी तिरकी बसली असेल तर ती इथे लगेच दिसते. तेव्हा ब्रिज दोऱ्यांप्रमाणे सरकवा, बॉडीच्या मध्यरेषेचा हट्ट सोडा. तार नेकवरून खाली घसरणं मध्यरेषा चुकण्यापेक्षा वाईट.

मग लांबी. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो, जाड तारेत जास्त. म्हणून सॅडल स्केलच्या थोडे मागे लागतात. बारीक ई तारेला एक-दोन मिलिमीटर, जाड ई तारेला तीन ते पाच. म्हणून बारीक ई तारेचा सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणा, नटपासून त्याचं अंतर ६४८ करा आणि त्या जागी ब्रिजची भोकं खुणवा. मागे सरकायला सगळी जागा उरते. माझे सॅडल अगोदरच मागे होते आणि मी तिथे ६४८ मोजले.

भोकं चुकलीच तर घाबरू नका. त्याच लाकडाची गोल खुंटी करा, रेषे बॉडीच्या रेषांच्या दिशेने ठेवून गोंदाने ठोका, एक दिवस थांबा, सपाट करा, पुन्हा भोक पाडा. ब्रिजच्या खाली ते दिसत नाही.

खरखर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तार घोडीला हलकेच घासावी म्हणून तासन्‌तास बसतो. गिटारीत तोच घासण्याचा आवाज नको असतो, पण तो कुठून येतो हे शोधायला त्याच्याइतकाच कान लागतो. मोकळी तारच खरखरते आणि दाबलेली नाही, तर नटची खाच खोल गेली आहे. त्या खाचेत हाडाची बारीक पूड आणि सुपरग्लू घालून ती पुन्हा कापता येते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर, तर नेक फार सरळ किंवा मागे वाकलेली. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटवर फट बघा, ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, मग ट्यूनिंग, मग पुन्हा बघा. जोर लागत असेल तर थांबा. एकाच जागी खरखर असेल तर तिच्या पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. स्टीलपट्टीचा छोटा सरळ तुकडा तीन फ्रेटांवर ठेवा, डुगडुगला तर मधला गुन्हेगार. आधी तो हातोडीने हलकेच ठोकून बघा, बहुतेकदा तो फक्त नीट बसलेला नसतो. घासणं नंतर.

सगळेच सूर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर चढे आणि वर गेल्यावर ठीक, तर नट उंच आहे. या एका दोषासाठी लोक ब्रिज, पिकअप, तारा सगळं बदलून बघतात.

गुणगुण

सोल्डरिंग झालं, ॲम्प लावला आणि भोंगा. आधी दुसरी, कंपनीची गिटार त्याच ॲम्पला त्याच सॉकेटवर लावून बघा, जुन्या घरांत अनेकदा अर्थिंगच नसतं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थिंग ठीक आहे, पिकअपच्या खाचांना आतून तांब्याची पट्टी नीट लावा. हात लावल्यावर वाढली तर जॅकच्या (केबल लावायच्या भोकाच्या) दोन वायरी उलट्या आहेत. काहीच फरक नाही, तर ब्रिजखालची अर्थ वायर राहिली किंवा तुटली. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या तर वाजवणं लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोष ॲम्पमध्ये किंवा घरच्या वायरिंगमध्ये आहे, गिटारीची अर्थ वायर काढून तो जात नाही.

दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज एकदम पातळ, नाकात बोलल्यासारखा झाला, तर एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाच्या आतल्या भागाच्या) पाठीवर २५ वॅटच्या सोल्डरगनने टाका बसत नाही, तो वरवर चिकटून राहतो. पाठ आधी पॉलिशपेपरने खरवडा आणि ५०-६० वॅटची घ्या.

रंगाची घाई

लाकडाचा रंग उजळलेला बघायची ओढ प्रत्येकाला असते, मलाही आहे. तरी गिटार आधी कोऱ्या लाकडावरच पूर्ण जोडा. सगळी भोकं पाडा, तारा चढवा, आठवडाभर वाजवा. नेकची खाच घट्ट आहे, जॅकचं भोक कडेला लागतंय, हे त्या आठवड्यात कळतं आणि कानस मारायला भीती वाटत नाही. मग सगळं उतरवा आणि रंगाला घ्या. लॅकर पावसाळी हवेत मारलं तर पांढुरकं पडतं, म्हणून ते काम दिवाळीनंतर. वाळलंसं वाटलं तरी तीन-चार आठवडे गिटार खुंटीला टांगून ठेवा आणि मगच घासून चमकवा. नखाने दाबून आडबाजूला खूण उठत असेल, तर अजून एक आठवडा.