शिक्षकांच्या दर्जासाठी कोर्टात जायचंय? आधी कॅलिफोर्नियाच्या केसेस बघा

सरकारी शाळेत नीट शिकवत नाहीत म्हणून केस टाकायची असेल तर आधी हे ठरवा, कायदाच वाईट आहे की कायदा बरा आहे पण कोणी पाळत नाही. दुसरं असेल तर काम बरंच सोपं. शिक्षकाचं मूल्यमापन करताना मुलांची प्रगतीपण बघायची असं कॅलिफोर्नियाच्या स्टल अ‍ॅक्ट या कायद्यात आहे, लॉस एंजेलिसमध्ये ते होत नव्हतं, पालक कोर्टात गेले आणि 2012 ला जिंकले.

कायदाच रद्द करून घ्यायचा तर मात्र पुरावा भक्कम लागतो. व्हर्गारा केसमध्ये 9 विद्यार्थी होते, दोनेक वर्षांत नोकरी पक्की, काढायला महाकठीण, नोकरकपातीत नवीन शिक्षक आधी बाहेर, या नियमांवर ते 2014 ला जिंकले पण 2016 ला अपीलात निकाल फिरला, कारण गरीब मुलांच्या वाट्याला कमकुवत शिक्षक येतात ते या कायद्यांमुळेच हे सिद्ध झालं नाही, कोणाला कुठल्या शाळेत पाठवायचं ते अधिकारी ठरवतात ना!

म्हणून शाळेपुरते आकडे काढा, किती शिक्षक गेले, बदली शिक्षकावर वर्ग किती दिवस चालला. लॉस एंजेलिसच्याच रीड केसमध्ये हेच कामाला आलं, 3 मिडल स्कूलमधले निम्मे किंवा जास्तच शिक्षक कपातीत गेले होते, 2010 ला कोर्टाने तिथली पुढची कपात थांबवली.

आणि तडजोड करताना शिक्षकांच्या युनियनला वगळू नका, प्लीज. याच केसमधला समझोता युनियनला वगळल्यामुळे 2012 ला अपीलात रद्द झाला, मग युनियनला घेऊन 2014 ला नवा केला तेव्हा 37 शाळांना जादा मदत आणि ट्रेनिंग मिळालं.