डोंगरावरच्या महिला महाविद्यालयात मुलीचा प्रवेश: कागद, वसतिगृह आणि पावसाळा

बारावीचा निकाल लागला की मेळघाटातील पालक प्रवेशअर्जाच्या मागे धावतात, प्रत्यक्षात बी.ए.च्या जागेपेक्षा दाखले आणि राहण्याची सोय यांतच मुलीचे वर्ष अडते. त्यामुळे या कामाला निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच हात घालावा.

आधी नाव तपासावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘कासदेकर’, आधारवर ‘कास्देकर’ आणि बँकेच्या पासबुकावर वडिलांचे नाव अर्धवट, असा प्रकार कोरकू आदिवासी कुटुंबांत नवा नाही. मंडळाच्या प्रमाणपत्रातील नाव बदलणे किचकट असल्याने ते प्रमाण मानून आधार आणि बँक खाते त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. मुलीची दोन खाती असतील तर त्यांपैकी कोणते जोडलेले आहे, हे बँकेत विचारून घ्यावे.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढता येतो. अनुसूचित जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. जातीचा दाखला असला तरी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आताच करावा, कारण बी.ए.ला त्याची अडचण आली नाही तरी पुढे बी.एड.ला किंवा राखीव जागेवरील नोकरीला ते लागतेच. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे महत्त्वाचे ठरतात: आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची (गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. हे जुने कागद शोधण्यातच सर्वांत जास्त दिवस जातात, आणि घरातील वडीलधारे हयात असताना त्यांना विचारून घेणे केव्हाही सोपे.

महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, हेही विचारावे. १९८३ साली स्थापन झालेले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आपल्या ओळखीचे आहे. परंतु काही महिला महाविद्यालये महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाशी संलग्न असतात. तेथून पदवी घेऊन पुढे अमरावतीत शिकायचे झाल्यास स्थलांतर प्रमाणपत्राचा एक जादा हेलपाटा पडतो, एवढेच. पदवीचे मोल कमी होत नाही.

वसतिगृहासाठी धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे वेळेत चौकशी करावी. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पात्र मुलींना भोजन व निवासाच्या खर्चासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे; अनुसूचित जातीच्या मुलींनी स्वाधार योजनेची माहिती घ्यावी. खासगी खोली घ्यायचीच असेल, तर आईने स्वतः जाऊन शौचालय, पाण्याची सोय आणि संध्याकाळनंतरचा रस्ता पाहून यावे. दलालाच्या शब्दावर आगाऊ रक्कम मोजू नये.

शेवटी पाऊस. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी ऑगस्टमध्ये चार-चार दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि घाटात धुके उतरले की एस.टी.चा भरवसा राहत नाही. परतवाड्याहून रोज ये-जा करण्याचा बेत त्यामुळे करूच नये. वऱ्हाडच्या उन्हात वाढलेल्या मुलीसोबत दोन जोड जास्तीचे कपडे, स्वेटर आणि मूळ कागद ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी द्यावी. ऑनलाइन अर्ज मात्र खाली परतवाड्यातच भरून, त्याची पावती छापून घेऊन मगच घाट चढावा.