सिगारच्या कपाटाची राखण: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या प्रत्येकाला किचन नाहीतर फ्रंट ऑफिस हवं असतं. माझ्या वाट्याला आलं सिगारचं कपाट. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात बारच्या कडेला काचेच्या दाराचं, पुरुषभर उंच लाकडी कपाट होतं. "आजपासून हे तुझं," एवढं बोलून साहेब मीटिंगला गेले. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "एवढी फी भरून शिकवलं ते तंबाखू विकायला?"

मी स्वतः ओढत नाही आणि कुणी ओढावी असंही म्हणणार नाही. तंबाखूने कॅन्सर होतो आणि सिगारही त्याला अपवाद नाही. अठरा वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा आहे, हे तर पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं करून घ्या. पण एकेक नग काही हजारांचा आणि तो राखायची जबाबदारी तुमची, अशी नोकरी लागलीच तर हे वाचा.

सिगार म्हणजे नुसती पानं. आतला गाभा फिलर, त्याला बांधणारं पान बाइंडर आणि वरचं देखणं पान रॅपर. पान हवेतलं पाणी पितं आणि हवेला परतही देतं. सिगार कोरडी पडली की रॅपर तडकतो, पानातलं तेल उडतं आणि ती भसाभसा जळते. दमट झाली की फुगते, रॅपर उसवतो, ओढताना जीव जातो, वर सारखी विझते. म्हणून आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस.

माझं आजोळ निपाणीजवळ, विडीच्या तंबाखूचा मुलूख. वाळलेला पाला हलवायचा तर पहाटे, दव असताना. ऊन चढलं की हात लागताच चुरा होतो, असं आजी सांगायची. नोकरीत लागल्यावर मला जे पैसे देऊन शिकवलं, ते आजीला फुकट ठाऊक होतं.

आता पुण्याची हवा. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, ओठ फुटतात. जुलै-ऑगस्टच्या सकाळी तीच नव्वदीला टेकते, पापड सादळतात. शिवाजीनगरच्या वेधशाळेचे, म्हणजे आपल्या शिमला ऑफिसचे, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचचे आकडे मी अजूनही बघते. बाहेर काय चाललंय ते माहीत असेल, तर कपाटाचा आकडा खरा बोलतोय का याचा संशय तरी वेळेवर येतो.

मला तो आला नाही. एप्रिलात कपाटातल्या गोल काट्याच्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या मीटरवर, ५८ दिसलं आणि माझी घाबरगुंडी उडाली. आतल्या स्पंजवर पाणी घातलं, तेही नळाचं. दोन दिवसांनी पुन्हा घातलं. काटा हळूहळू ६६ वर आला आणि मी निर्धास्त झाले. जूनमध्ये पाऊस लागला. एका सकाळी खालचा कप्पा ओढला, तर अकरा सिगारींवर हिरवट लव आलेली. शिळ्या भाकरीवर येते तशीच. काटा अजूनही ६६ वर!

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी किचनमधून मीठ मागवलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण घेतलं, त्यात मीठ भरलं आणि चमच्याच्या टोकाने थेंब थेंब पाणी सोडलं, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळू द्यायचं नाही. हे झाकण आणि तो हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून पिशवी रात्रभर एका जागी ठेवली. बंद जागेत असं ओलं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून धरतं आणि खोलीच्या तापमानाला त्यात फारसा फरक पडत नाही. सकाळी काट्याने ७५ दाखवायला हवं होतं. त्याने ६६ दाखवलं.

म्हणजे माझा काटा नऊने कमी बोलत होता. आता उलटा हिशेब करा: एप्रिलातले ५८ हे खरे ६७ होते. सिगारी अगदी मजेत होत्या. मीच त्यांना पाणी पाजून मारलं.

म्हणून नव्या माणसाने पहिल्या दिवशी पाणी नाही, मीठ मागवावं. डिजिटल मीटर घ्या, पण त्याचीही मीठ-परीक्षा दर सहा महिन्यांनी करा, आणि किती फरक पडतो ते मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पाणी लागलंच तर डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजात बसतात आणि बुरशीला आवतण मिळतं. हल्ली बोव्हेडाच्या पुड्या मिळतात. त्या ओल देतात आणि जास्तीची शोषूनही घेतात. मी उन्हाळ्यात ६९ टक्क्यांची वापरते, पावसाळ्यात ६५ची. ६५ कमी आहे म्हणणारे भेटतील. त्यांनी पुण्यात एक ऑगस्ट काढून दाखवावा.

ती लव म्हणजे मुरल्याची खूण आहे, ब्रशने पुसून विका, असा सल्लाही मला मिळाला होता. केसाळ आणि रंगीत असेल तर ती बुरशीच. टाकून द्या.

लाकडाचंही एक सांगते. ह्युमिडॉरला, म्हणजे सिगारीची ओल राखणाऱ्या अशा कपाटाला, आतून स्पॅनिश सीडार लावतात. नाव सीडार असलं तरी हे झाड आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं. एक फळी बदलायची होती, तर सुताराने सीडार ऐकून देवदार बसवला. आठवडाभरात त्या कप्प्यातल्या सिगारींना देवघराचा वास! फळी काढली, वास मात्र गेला नाही. नवं लाकूड बसवल्यावर आधी रिकाम्या कपाटातच त्याला आठवडा-दोन आठवडे ओल पिऊ द्यावी, नाहीतर ते सिगारींचीच ओल ओढून घेतं.

पावसाळा संपला की सुटलो, असं वाटतं आणि ऑक्टोबरचा उकाडा येतो. रात्री एसी बंद ठेवायची हॉटेलची काटकसर तेव्हा नडते. कपाट २४-२५ अंशांच्या वर राहिलं, की पानात आधीपासून असलेली भुंगेऱ्याची अंडी फुटायला लागतात. हळकुंडात, धण्यात पडतो तोच हा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. रॅपरला टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली, की तो आख्खा डबा वेगळा काढायचा. आम्ही हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरला ठेवतो, मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग बाहेर. थेट बाहेर काढलं तर पानं तडकतात.

गिऱ्हाइकं नेमकं हेच ऐकतात आणि घरी सिगारी फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीजची हवा कोरडी, वर कालच्या भाजीचा वास. परवा कोथरूडचे एक काका अशाच सहा काड्या घेऊन आले, हातात धरल्या तरी चुरचुरत होत्या. "आज रात्रीपर्यंत नीट करून दे ना, पोरी." मी त्यांना झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणायला सांगितलं, त्यात ६५ची एक पुडी टाकली आणि डब्यावर तारीख घातली: तीन आठवड्यांनंतरची. घाईने ओल दिली की पान आतून फुगतं आणि वरचा रॅपर फुटतो. काका कुरकुरत गेले, पण डबा घेऊन गेले.