खोल समुद्रातली मुशी जतन करताना या चुका टाळा

कोकणात एखाद्या बंदरावर खोल पाण्यातली मुशी, म्हणजे शार्क, जाळ्यात येते आणि घाट चढून सांगलीच्या कॉलेजात पोहोचेपर्यंत निम्मी वाया गेलेली असते. मुशीच्या अंगात युरिया भरपूर असतो आणि मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून ती पूर्ण बर्फात गाडूनच आणा. त्याआधी वनखात्याला विचारा. काही जातींना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आख्खी मुशी तशीच फॉर्मलिनमध्ये (नमुना कुजू न देणारं रसायन) बुडवणं. फॉर्मलिन फार हळू मुरतं. वरून कातडी टणक होते आणि आत तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत कुजत राहतं. पोटात आणि जाड स्नायूंत सुईने फॉर्मलिन भरा, पोटाला छोटा छेदही द्या. बाजारातलं फॉर्मलिन एक भाग, पाणी नऊ भाग. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच; या वाफा कर्करोगकारक आहेत.

फॉर्मलिन आम्ल होऊ देऊ नका. मुशीचा सांगाडा कूर्चेचा. त्यातलं कॅल्शियम आम्लात विरघळतं. ब्रॅम्बल शार्कच्या अंगावरचे काट्यासारखे खवलेही त्यात झिजतील. आम्लपणा मारायला बोरॅक्स घाला, पीएच (आम्लपणाचं माप) तपासत राहा.

जबडा कसा दिसावा हे आधीच ठरवा. गॉब्लिन शार्कचा जबडा भक्ष्य धरताना झपकन पुढे येतो. तो तसा दाखवायचा असेल तर फॉर्मलिनपूर्वीच आधार देऊन बसवा. नंतर ओढलात तर फाटेल. तिचा गुलाबी रंग कातडीखालच्या रक्तवाहिन्यांचा, तो टिकत नाही. म्हणून आल्याआल्या मोजपट्टी ठेवून फोटो काढा. डीएनएसाठी मांसाचा तुकडाही त्याच वेळी 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

फॉर्मलिन आतपर्यंत मुरल्यावर मुशी पाण्याने धुऊन 30, 50, 70 टक्के अशा टप्प्यांनी अल्कोहोलमध्ये न्या. थेट 70 मध्ये टाकली तर आकसते. द्रव पिवळा पडला तर बहुतेकदा यकृताचं तेल सुटलंय, द्रव बदला. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पातळी खाली गेली की नुसतं 70 टक्के ओतून भागत नाही, कारण पाण्याआधी अल्कोहोल उडतं. हायड्रोमीटरने (द्रवातलं अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) मोजून मगच भर घाला.

चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली हवी. बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरते. जाळं कुठे, किती खोलीवर टाकलं होतं हे तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) त्याच दिवशी फोन करून विचारा. आठवड्याने त्यालाही नीट आठवणार नाही.