आटे पाडायच्या आधी लेथवर काय काय बघून घ्यायचं

समजा एम २० चे (२० मिमी व्यासाचे मेट्रिक) बाहेरचे आटे पाडायचेत, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.५ मिमी. पहिल्यांदा जॉब (ज्या तुकड्यावर आटे पाडायचे तो) चकमधे कसा धरलाय ते बघा, डायल गेज लावून आउट किती आहे, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते काढा आणि जॉब लांब असेल तर टेलस्टॉकचं (चकच्या समोरच्या टोकाच्या आधाराचं) सेंटर लावाच, नाहीतर शेंड्याकडे जॉब टूलपासून लांब दबतो, आटे तिथे जाड राहतात आणि नट तोंडाशीच अडकतो. बाहेरचा व्यास बरोब्बर २० नको, १९.८ च्या आसपास ठेवा. तोंडाला चाम्फर (तिरकी कापलेली कड), आणि आटे संपतात तिथे दोन-तीन पिच रुंदीचा अंडरकट (खोलगट खाच), कारण टूल बाहेर ओढायला तेवढाच वेळ मिळतो.

आता टूल. टूलच्या टोकाचा कोन मेट्रिकला ६० अंश, व्हिटवर्थला (जुने इंची आटे) ५५, डब्यात दोन्ही असतील तर नजरेने उचलू नका, गेजमधे (कोनाच्या खाचा असलेली पट्टी) धरून उजेडाकडे बघा, फट दिसली की परत ग्राइंडरवर. डाव्या बाजूला क्लिअरन्स जरा जास्त द्या, कारण या आट्यांचा तिरकेपणा साधारण अडीच अंश असतो आणि तेवढं नाही दिलं तर टूल कापायच्याऐवजी घासतं. टूलचं नाक बरोबर सेंटर हाईटला, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीला. मग सेंटर गेज जॉबला टेकवायचं, टूल त्याच्या खाचेत न्यायचं, खाली पांढरा कागद धरायचा आणि दोन्ही बाजूंनी उजेडाची रेघ सारखी दिसेपर्यंत टूल पोस्ट हलवत राहायचं. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण टूल वाकडं बसलं तर आटे एका बाजूला झुकतात आणि नंतर त्याला काही उपाय नसतो.

कंपाउंड (टूल पोस्टखालची कोनात फिरवता येणारी स्लाइड) मी २९.५ अंशावर ठेवतो, म्हणजे टूल मुख्यतः एकाच बाजूने कापतं आणि चिप मोकळी निघते. पण हा कोन क्रॉस स्लाइडच्या (जॉबला आडवी सरकणाऱ्या स्लाइडच्या) रेषेपासून मोजायचा, काही मशीनवर स्केलचा शून्य बेडच्या रेषेत असतो, तिथे ६०.५ वर लावावं लागतं, आणि यात भलेभले फसतात. आट्यांची खोली ०.६१३ गुणिले पिच, म्हणजे इथे १.५३ मिमी, पण कंपाउंड तिरका असल्यामुळे त्याच्या डायलवर १.७६ जावं लागतं. गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) जरा घट्ट करा, टूल जॉबला टेकवून दोन्ही डायल शून्यावर आणा, आणि शून्यावर नेहमी एकाच दिशेने या म्हणजे स्क्रूचा प्ले मधे येणार नाही.

गिअर चार्ट बघून लावा, दातांमधे कागदाची पट्टी घालून मेश करा (दात एकमेकांत बसवा) आणि मग पट्टी काढून टाका, तेवढी फट पुरते. लीड स्क्रू (टूलला पिचप्रमाणे पुढे नेणारा लांब स्क्रू) इंची असेल तर मेट्रिकसाठी १२७ दातांचा गिअर लागतो, आणि अशा वेळी शेवटच्या कटापर्यंत हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा, उघडझाप होणारा नट) उघडायचाच नाही, टूल बाहेर घ्या आणि मोटर उलटी फिरवून मागे या. ६ मिमीच्या लीड स्क्रूवर १, १.५, २, ३ पिचला हाफ नट कुठेही टाकलात तरी चालतं, पण आपल्या २.५ ला नाही. चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलटं फिरवताना सुटू शकतो, तिथे फार सांभाळून.

स्पीड बॅक गिअरवर (चक हळू फिरवणारा गिअर), ५० आरपीएमच्या आसपास. चकची चावी काढली ना, बाह्या वर केल्या ना, हातमोजे नाहीत ना, ते बघा. मग ०.०५ चा नुसता ओरखडा मारा, मशीन बंद करा, पट्टी लावा, १० आटे २५ मिमीत बसले पाहिजेत. मी एकदा घाईत हे केलंच नाही, गिअर चुकीचा लागलेला, पूर्ण खोली गेल्यावर कळलं की पिच २ निघालाय, छान टर्न केलेला शाफ्ट सरळ भंगारात गेला आणि तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

तेल, ब्रश आणि त्याच साईजचा नट आधीच हाताशी काढून ठेवा. नट जॉब चकमधे असतानाच चढवून बघायचा, कारण एकदा काढलेला जॉब परत धरून तेच आटे पकडणं फार किचकट जातं.