जुन्या मोटरहोममध्ये येणाऱ्या इंजिनाच्या वासाचा माग कसा काढावा

एसटीच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटला गुडघे टेकवून ज्यांनी घाट चढला आहे, त्यांना तापलेल्या इंजिनाच्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. अमेरिकेत १९७३ ते १९७८ या वर्षांत बनलेल्या जीएमसी मोटरहोमची, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीची, रचना या बाबतीत फारशी निराळी नाही. पुढच्या चाकांना ओढणारे ओल्ड्समोबाइलचे ४५५ घनइंची, म्हणजे सुमारे ७.५ लिटरचे इंजिन (१९७७ पासून ४०३ घनइंची, ६.६ लिटरचे) पुढच्या आसनांपाशी जमिनीखाली बसवलेले असते आणि ते व माणसे यांच्यामध्ये कार्पेट चढवलेले एक झाकण एवढाच पडदा असतो. माझ्याकडची गाडी १९७६ ची आहे. तिच्यातला वास शोधण्यात माझे तीन महिने गेले, त्यांतले दोन केवळ चुकीच्या क्रमामुळे. झाकणाची रबरी पट्टी मी आधीच बदलून टाकली, वास निम्मा झाला आणि गळती मात्र खाली तशीच चालू राहिली. म्हणून आधी उगम शोधावा, वाट नंतर बुजवावी.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असे मानता येत नाही. अमेरिकेतले घरगुती अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) पातळी तासभर किंवा त्याहून जास्त टिकल्यावरच वाजतील असे बनवलेले असतात; तपासणीसाठी प्रत्यक्ष आकडा दाखवणारे, कमी पातळीही टिपणारे मीटर घ्यावे आणि ते चालकाच्या आसनापाशी, मग मागच्या पलंगापाशी ठेवून पाहावे. आकडा चढत असेल किंवा कोणाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी बाहेर पडावे. शोध नंतर करता येतो. पेट्रोलचा उग्र वास आला तरीही हेच करावे, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असल्याशिवाय झाकण उघडू नये.

आता वासाला नाव द्यावे. ‘इंजिनाचा वास’ या एका शब्दात निदान पाच वास दडलेले असतात. तापलेल्या लोखंडावर पडलेल्या ऑइलचा वास करपट असतो, कूलंटचा गोडसर असतो आणि त्यासोबत बहुधा काचेवर आतून चिकट धुरकटपणा येतो. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगे असल्यामुळे त्याचा वास लसणासारखा उग्र येतो, तर विजेच्या तारांचे आवरण तापले की जळक्या प्लॅस्टिकचा येतो. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर इंजिनाला दोष देण्याआधी बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आहे का, हे पाहावे आणि स्वयंपाकाच्या गॅसचा मुख्य कॉकही बंद करून पाहावा, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला दर्प बराचसा तसाच असतो. आपले नाक काही मिनिटांतच सरावते, तेव्हा दर वेळी बाहेर मोकळ्या हवेत जाऊन मग आत यावे.

नावानंतर वेळ. मी एक लहान वही डॅशबोर्डवर ठेवली होती आणि वास आला की वेग, चढ की उतार, इंजिनाचे तापमान, कोणती खिडकी उघडी होती आणि छतावरचा झरोका उघडा होता का, एवढेच लिहीत होतो. शेवटची नोंद वाटते तितकी किरकोळ नाही. धावत्या गाडीत छताचा झरोका उघडला की आतली हवा वर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला जमिनीतल्या प्रत्येक फटीतून खालची हवा वर येते. मागची खिडकी उघडी असेल तर आणखी एक भानगड होते: चौकोनी गाडीच्या मागे हवेचा दाब कमी राहतो आणि तिथे घोटाळणारा स्वतःचाच धूर गाडी आत ओढून घेते. म्हणून पहिला प्रयोग फुकटचा आहे. झरोके व मागच्या खिडक्या बंद, पुढचा पंखा बाहेरची ताजी हवा घेईल अशा स्थितीत, आणि त्याच रस्त्यावर तीच फेरी. वास स्पष्टपणे घटला, तर हवा कोणत्या वाटेने आत येते याचा अंदाज येतो. उगम मात्र अजून सापडायचाच असतो.

पेट्रोलच्या वासाचा उगम शोधणे सर्वांत किचकट, म्हणून त्यावर जास्त वेळ द्यावा. गाडी बंद केल्यावर दहापंधरा मिनिटांनी वास येत असेल, तर कार्ब्युरेटरवर संशय घ्यावा. पाणी आणि पंखा थांबल्यावर इंजिनाची धग वर चढते आणि क्वाड्राजेट या कार्ब्युरेटरच्या भांड्यातले पेट्रोल उकळून वाफ होते. सकाळी इंजिन बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर या कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेली बुचे झिरपून रात्रीत पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत) उतरत असण्याची शक्यता मोठी आहे. डिपस्टिक काढून हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि तसे असेल तर गाडी चालवू नये. टाकी काठोकाठ भरल्यावर किंवा वळणावरच वास येत असेल, तर पुढे इंजिनापाशी कितीही शोधले तरी काही सापडणार नाही, कारण दोष टाकीच्या वरच्या, हवा जाण्याच्या व पेट्रोल भरण्याच्या नळ्यांत असतो. सत्तरच्या दशकातल्या रबराला अमेरिकेतल्या आजच्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सवय नाही. माझ्या गाडीतली भरण्याची नळी वरून ठणठणीत दिसत होती. वाकवून पाहिली तेव्हा आतून भेगाळलेल्या टाचेसारखी दिसली. टाक्या खाली उतरवल्याशिवाय या नळ्यांपर्यंत हात जात नाही, तेव्हा एकदा उतरवल्यावर सगळ्याच नळ्या इथेनॉल चालणाऱ्या दर्जाच्या घालून घ्याव्यात.

एक्झॉस्टची गळती थंड इंजिनावर शोधावी. सुरू केल्याबरोबर पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी) टकटक ऐकू येते आणि लोखंड तापून फुगले की फट मिटते व आवाज बंद होतो. म्हणूनच गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या गाडीत मेकॅनिकला काहीच सापडत नाही. इंजिन बंद व गार असताना, आणि पेट्रोलचा अजिबात वास नाही याची खात्री करून, व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू मागच्या पाइपात घालावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. थोडेफार बुडबुडे सैल सांध्यांवर येतातच. फेस फुगत राहतो ती जागा खडूने खूण करून ठेवावी. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा ते कोरडे खरवडू नये.

ऑइलच्या करपट वासाचे कारण बहुधा साधे असते: व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ येऊन तापल्या मॅनिफोल्डवर पडतो. इंजिन धुऊन, पन्नासेक किलोमीटर चालवून, मग टॉर्चने पाहिले की ताजा ओघळ उठून दिसतो. मात्र पॅकिंग बदलूनही तो परतला, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटात साठणारे वायू ओढून नेणारी झडप) तुंबला आहे का, हे पाहावे, कारण आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतोच. माझ्या बाबतीत दोन डॉलरच्या त्या व्हॉल्व्हनेच दोन पॅकिंग खाल्ली होती. जनरेटर मागच्या कप्प्यात असल्यामुळे त्याची चाचणी मोटरहोमचे इंजिन बंद ठेवून स्वतंत्रपणे घ्यावी.

उगम मिटल्यावर वाट बुजवण्याकडे वळावे. रात्री इंजिनाच्या जागेत एलईडी दिवा सोडून, झाकण लावून, आतले सगळे दिवे मालवून मी खाली बसलो, तेव्हा चालकाच्या टाचेजवळ करंगळीएवढी उजेडाची रेघ दिसली. नवी पट्टी त्याच कोपऱ्यात तिरकी बसली होती. स्टिअरिंगचा दांडा, तारा आणि हीटरच्या नळ्या जिथून आत येतात ती भोकेही अशीच दिसतात. झाकणाच्या कडेत कागदाची पट्टी धरून ओढून पाहावी; ती अडकत नसेल तिथे रबर दबलेले नाही.

झाकणाखालचा जुना फोम आणि त्यावरचे कार्पेट यांत वर्षानुवर्षांचे ऑइल मुरलेले असते, त्यामुळे दुरुस्ती नीट झाली तरी वास काही आठवडे रेंगाळतो. फोम काढून टाकावा आणि त्याजागी धातूचा पत्रा चढवलेले, उष्णता सोसणारे अस्तर लावावे. त्यानंतर वहीतली सर्वांत वाईट नोंद काढून तोच चढ, तोच वेग आणि तसेच तापमान गाठून फेरी मारावी, मीटर चालू ठेवावे आणि मागे अशा कोणाला तरी बसवावे ज्याचे नाक या गाडीला अजून सरावलेले नाही. मी शेजाऱ्याला बसवले होते. त्याला फक्त माझ्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास आला.