वंशावळीचे काम कोणत्या वयात हाती घ्यावे

घराण्याचा इतिहास शोधण्याचे काम आपल्याकडे बहुतेक जण निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण तहसील कचेरीचे हेलपाटे, जुन्या कागदांची शोधाशोध आणि लांबच्या नातेवाइकांच्या गाठीभेटी यांना लागणारी सवड नोकरीत असताना मिळत नाही. तरीही साधा हिशेब मांडून पाहावा. राज्य सरकारच्या नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाचे आईवडील, हयात असलेच तर, ऐंशीच्या घरात असतात. आजीआजोबा केव्हाच गेलेले असतात. आणि पणजोबांना प्रत्यक्ष पाहिलेले माणूस बहुधा एकही उरलेले नसते. सवड मिळते तेव्हा विचारायला कोणी नसते, ही या कामातली खरी अडचण आहे.

वंशावळीच्या कामाचे दोन भाग पडतात: माणसांच्या आठवणीत असलेला आणि कागदावर असलेला. कागदाला वाळवी लागते, पुराचे पाणी लागते, हे खरे. पण सरकारी दप्तरातला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, आणखी दहा वर्षांनीही बहुधा जागेवर सापडतो. आठवणीचे तसे नसते. म्हणून कोणत्याही वयात सुरुवात केली तरी आधी माणसे गाठावीत आणि कागद नंतर पाहावेत. त्याशिवाय प्रत्येक वयात यातले एखादे काम आपसूक पदरात पडते, ते त्याच वेळी नीट करून ठेवावे.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत वंशावळ पहिल्यांदा कागदावर उतरते ती सतराव्या-अठराव्या वर्षी, आणि तीही हौसेने नव्हे, तर जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा लागत असल्याने बारावीतल्या मुलाच्या निमित्ताने अख्खे घर आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले शोधू लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर हीच धांदल हजारो मराठा कुटुंबांनी अनुभवली, आणि त्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांतील मोडी लिपीतल्या जुन्या नोंदी प्रथमच उजेडात आल्या. दुर्दैवाने प्रमाणपत्र हाती पडले की ती फाइल कपाटात जाते आणि तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

ज्या घरात अशी फाइल आहे, तिथे तिच्यापासूनच सुरुवात करावी. तिच्यातल्या प्रत्येक कागदाची स्वच्छ प्रत काढून तो कोणत्या कार्यालयातून किंवा शाळेतून, कोणत्या नोंदवहीच्या कितव्या क्रमांकावरून मिळाला, हे मागे लिहून ठेवावे. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा दाखल्यापेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण त्यात पालकाचे नाव, मूळ गाव, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारणही सापडू शकते. ज्या घरांकडे जमीन नव्हती, त्यांच्यासाठी तर हे रजिस्टर हाच मुख्य आधार ठरतो. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. १ जून ही तारीख दिसली की मास्तरांनी ती शाळेच्या सोयीने घातली असावी असे धरून चालावे, आणि वर्षही एक-दोनने पुढेमागे असू शकते हे ध्यानात ठेवावे. जन्म-मृत्यूची गावची जुनी नोंदवही, म्हणजे जिला कोतवाल बुक म्हणतात ती, सापडली तर ती अधिक विश्वासार्ह असते; मात्र तिच्यात पुष्कळदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे झालेले नसते. या फाइलमधली सर्वांत मोठी उणीव अशी की तिच्यातली वंशावळ केवळ पुरुषांची असते. अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने संध्याकाळी घरी बसून त्याच तक्त्यात आई, आजी आणि पणजी यांची माहेरची नावे व गावे भरून घेतली, तरी पुढच्या संशोधनाचा निम्मा पाया घातला जातो.

पंचविशी ते चाळिशी हे वय मुलाखतींचे. या वयात दप्तरे धुंडाळण्याची घाई करू नये. हाती असलेला वेळ, तो कितीही थोडा असला तरी, वडीलधाऱ्यांसाठी खर्चावा. लग्नकार्ये, गावची जत्रा, गणपती, दिवाळीची सुट्टी या निमित्तांनी माणसे एकत्र येतातच, आणि परदेशात राहणाऱ्यांना तर वर्षा-दोन वर्षांतून मिळणारी तेवढीच संधी असते. आधी कोणाकडे जावे, हे नीट ठरवावे. घरातला कर्ता पुरुष जमिनीचे आणि भाऊबंदकीचे सांगतो. नात्यांचे तपशील मात्र आत्याकडे आणि थोरल्या काकूकडे मिळतात, कारण आहेर, ओटी आणि बाळंतपणे यांचा हिशेब त्यांनीच ठेवलेला असतो. त्यातही आत्याकडे आधी जावे. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेलेली असल्यामुळे माहेरच्या जुन्या गोष्टी तिने जशाच्या तशा जपलेल्या असतात, आणि घरातल्या नंतरच्या वादांचा रंग त्यांवर चढलेला नसतो.

मुलाखतीला जाताना वंशावळीचा कोरा तक्ता पुढे करू नये. माणसे बिचकतात आणि परीक्षेला बसल्यासारखी तुटक उत्तरे देऊ लागतात. जुने फोटो घेऊन जावे, एकेक समोर ठेवावा आणि बोलू द्यावे. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. शाईचा पेन वापरू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर तसे आधी सांगून परवानगी घ्यावी, आणि तास-सव्वा तासात थांबावे. बोलणारा चुकतो आहे असे वाटले तरी मध्येच दुरुस्ती करू नये. दोन बहिणींनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला तर दोन्ही तऱ्हा त्यांच्या नावांनिशी नोंदवाव्यात. पूर्वजांविषयी थेट विचारण्यापेक्षा घराविषयी विचारावे: चूल कोठे होती, विहीर कोणाच्या वाटणीला आली, जात्यावर कोण कोण बसायच्या, दिवाळीला कोणाकोणाला बोलावणे धाडले जायचे. अशा प्रश्नांतून विस्मरणात गेलेली चुलत घराणी बाहेर येतात.

सालांच्या बाबतीत वेगळी युक्ती करावी लागते. ‘कोणत्या साली?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ याला हमखास मिळते. प्रत्येक भागाच्या अशा खुणा निराळ्या असतात, त्या जाण्याआधी टिपून घ्याव्यात. पुण्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, सातारा-कऱ्हाडकडे ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ची पोलीस ॲक्शन, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप, बौद्ध कुटुंबांत १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा, आणि गोव्यात डिसेंबर १९६१ची मुक्ती. त्याहून मागे जायचे असेल तर १९१८ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ विचारावी. ती पाहिलेले आता कोणी नसले, तरी ‘आजोबांची पहिली बायको मानमोडीत गेली’ अशा वाक्याने एखादे विस्मृतीत गेलेले लग्न उजेडात येते.

चाळिशी-पन्नाशीत पुढचे निमित्त येते ते बहुधा वडिलांच्या निधनाचे. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जावेच लागते, तेव्हा सातबाऱ्याचा ताजा उतारा घेऊन परतण्याऐवजी त्याच्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्यावेत आणि एकेका क्रमांकाची नोंद मागे मागे पाहत जावे. जमीन वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने, हे फेरफारात लिहिलेले असते. वारसाने आली असेल तर मृताची तारीख आणि वारसांची नाती मिळतात. पश्चिम महाराष्ट्रात ही साखळी सर्वसाधारणपणे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेता येते. स्कॅन केलेले जुने अभिलेख राज्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर काही ठिकाणी घरबसल्या पाहता येतात. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागावी लागते. हक्कसोडपत्रे मुद्दाम मिळवावीत. बहिणींचा हिस्सा काढून घेण्यासाठी झालेल्या या कागदांना कौतुकाने पाहावे असे त्यांत फारसे काही नाही, पण बहिणींची नावे, सासरची आडनावे आणि गावे एकत्र मिळण्याची शक्यता त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणत्या सरकारी कागदात क्वचितच असते. एक पथ्य मात्र पाळावे: जमिनीचा वाद चालू असेल तर भाऊबंदांना आपला हेतू आधीच सांगावा, नाहीतर प्रत्येक प्रश्नामागे दाव्याची तयारी दिसू लागते.

निवृत्तीनंतरची वर्षे ज्या कामासाठी उत्तम, ते काम मोडीचे. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे बरेच मराठी दप्तर मोडीत आहे आणि ती शिकण्याला सलग वेळ लागतो. अक्षरे ओळखणे फारसे कठीण नाही. निरनिराळ्या हातांची वळणे आणि शब्द न तोडता लिहिण्याची पद्धत अंगवळणी पडायलाच वेळ जातो. १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते, आणि पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, कोल्हापूर इत्यादी ठिकाणची कार्यालये अभ्यासकांसाठी खुली असतात. तिथे जाण्याआधी गाव, जुना तालुका आणि तेव्हाचे संस्थान वा इलाखा निश्चित करावा. नुसते आडनाव घेऊन गेल्यास रुमालांचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा, ढीग पाहून परत यावे लागते. सालगणनाही हाताशी ठेवावी: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, निजामी मुलखातल्या फसलीत ५९०, आणि पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००.

तीर्थोपाध्यायांच्या चोपड्याही याच वयात पाहाव्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथे आपल्या गावाची आणि घराण्याची चोपडी ज्यांच्याकडे आहे, ते उपाध्याय मूळ गाव आणि जुने आडनाव सांगितल्यावर पूर्वजांच्या नोंदी काढून दाखवतात. त्यांत पणजोबांची सही किंवा अंगठा आणि बरोबर आलेल्या भावांची, मुलांची नावे असू शकतात. सिंहस्थाच्या गर्दीत हे काम होत नाही, एरवीच्या दिवसांत आधी कळवून जावे. दक्षिणा द्यावी, फोटो काढण्याची परवानगी मागावी, आणि आपली नोंद लिहिताना पत्नी, बहिणी, मुली यांची नावे आग्रहाने घालावीत. कोल्हापूर-सांगलीकडे, तसेच सीमेपलीकडे बेळगाव भागात, सुगीनंतर येणारे हेळवी, म्हणजे वंशावळी सांगत फिरणारे लोक, गावातल्या घराण्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालवतात. ज्यांच्या दारी हेळवी येतो, त्यांनी त्याला नुसते धान्य देऊन वाटेला लावू नये. बसवून घेऊन वही पूर्ण वाचून घ्यावी. या मौखिक आणि लेखी नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहाव्याच लागतात, कारण मूळ पुरुषाविषयी ऐकू येणाऱ्या पराक्रमांत भर पडत गेलेली असते.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या वाचकाने दप्तराच्या वाटेला फारसे जाऊ नये. घरातली शेवटची जाणती व्यक्ती आता बहुधा तोच असतो. त्याने नातवाला फोन समोर धरायला सांगून आपले बालपणीचे घर खोलीवार, आणि त्या घरातली माणसे नावानिशी सांगावीत. आठवत नसेल तिथे तसे स्पष्ट म्हणावे, कारण अंदाजाने भरलेले नाव पुढे दोन पिढ्यांना चुकीच्या गावी शोधायला लावते. दत्तक, दुसरे लग्न, सोडून दिलेली बायको, बदललेले आडनाव यांविषयी काय सांगायचे आणि काय हयात असेपर्यंत मिटलेल्या पाकिटात ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. पण ते लिहिलेले असावे. सर्व ध्वनिफिती आणि कागदांच्या प्रती किमान तीन घरी ठेवाव्यात, आणि त्यांतले एक घर लेकीचे असावे.